जुनें यंत्र ठेवावें कीं मोडींत काढावें?

आपल्याकडील जुन्या संसारांत वस्तु टाकून देणें ही कल्पनाच जवळजवळ नव्हती. तांब्यापितळेचीं भांडीं पोचे येऊन निकामी झालीं म्हणजे तीं तांबटाकडे मोड म्हणून जात, आणि मोडीची किंमत वजा होऊन नवें भांडें घरीं येई. कल्हई उडाली तर कल्हईवाला दारावर येऊन बसे. लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होई, गोधडी फाटली कीं तिचें पायपुसणें होई, आणि जे कपडे घरांत कोणाच्याच उपयोगीं पडण्यासारखे नसत ते घेऊन बोहारीण बदल्यांत एखादें पातेलें देऊन जाई. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसास चालतें यंत्र घराबाहेर काढणें हें आजहि पाप वाटतें. आणि त्याच्या ह्या वाटण्याची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. उलटपक्षीं, नवें यंत्र वीज कमी खातें, सबब जुनें काढून टाकणें हीच खरी काटकसर, असें सांगणारा पक्षहि आज प्रबळ आहे. दोन्ही पक्ष काटकसरीच्याच नांवानें बोलतात, आणि म्हणूनच सामान्य गृहस्थाची मोठी पंचाईत होते.

ही पंचाईत आमच्यावर नुकतीच आली. आमच्या स्वयंपाकघरांत १९९१ सालीं घेतलेला १६५ लिटरचा एक फ्रिज होता. तो चालत होता, पाणी गार करीत होता, दूध नासूं देत नव्हता. परंतु विजेचें बिल मात्र दर उन्हाळ्यांत चढत होतें. त्याला ठेवावें कीं काढावें ह्या विषयीं घरांत दोन तट पडले. इतिहास शिकविणें हाच आमचा व्यवसाय असल्यामुळें, निकाल देण्यापूर्वीं ह्या प्रश्नाचे पूर्वींचे दाखले पाहावे असें आमच्या मनांत आलें. ते दाखले वाचकांपुढें ठेवण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

प्रथम एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. पितळेचें पातेलें फडताळांत वीस वर्षें पडून राहिलें तरी तें कांहीं खात नाहीं. यंत्राची गोष्ट निराळी आहे. तें पातेल्यासारखें नसून गोठ्यांतील जनावरासारखें आहे. त्याला रोज वैरण लागते. शेतकरी बैल विकत घेतांना त्याची किंमत जशी पाहतो तशीच त्याच्या वैरणीचीहि बेगमी पाहतो. आमचे पूर्वज भांड्यांच्या बाबतींत जो नियम पाळीत तो योग्यच होता. परंतु तो नियम भांड्यांचा होता, जनावरांचा नव्हता, हें आपण विसरतों आणि फ्रिजला पातेल्याचा न्याय लावतों.

वैरण खाणाऱ्या यंत्राचा हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो अठराव्या शतकांतील इंग्लंडांत. १७१२ सालीं टॉमस न्यूकॉमेन यानें डडली कॅसलजवळच्या एका कोळशाच्या खाणीवर पाणी उपसण्याचें वाफेचें यंत्र उभारलें. हें यंत्र अवाढव्य असून कोळसाहि अवाढव्य खाई, कारण त्यांत प्रत्येक फेऱ्यास तोच नळकांडा तापवावा लागे आणि तोच पुनः थंड करावा लागे. जेम्स वॉट यास १७६५ सालीं वाफ वेगळ्या पात्रांत थंड करण्याची युक्ति सुचली, १७६९ सालीं त्याला पेटंट मिळालें, आणि १७७५ पासून बोल्टन याच्या भागीदारींत हीं नवीं यंत्रें बाहेर पडूं लागलीं. जुन्या साध्या यंत्रास जितका कोळसा लागे त्याच्या सुमारें एक-तृतीयांशांत नव्याचें काम भागे. एवढा फरक असतां जुनीं यंत्रें लगोलग मोडींत गेलीं असतील, असें कोणीहि म्हणेल. परंतु तसें झालें नाहीं.

कॉर्नवॉलमधील तांब्याच्या व कथलाच्या खाणींवर मात्र तसें झालें. त्या प्रांतांत कोळसा नाहीं. तो वेल्समधून गलबतांनीं आणावा लागे. तेथें जुनें यंत्र ठेवणें म्हणजे दररोज पैसे जाळणेंच होतें. म्हणून तेथील खाणवाल्यांनीं वॉटचीं यंत्रें झपाट्यानें घेतलीं. उलट खुद्द कोळशाच्या खाणींच्या तोंडाशीं, जेथें बाजारांत न खपणारा कोळशाचा चुरा ढिगांनीं पडलेला असे, तेथें न्यूकॉमेनचीं जुनीं यंत्रें एकोणिसाव्या शतकांतहि चालू होतीं. अशांपैकींच ॲश्टन-अंडर-लाइनजवळचें एक यंत्र पुढें हेन्री फोर्ड यानें १९३० च्या सुमारास अमेरिकेंत नेऊन डिअरबॉर्न येथील संग्रहालयांत ठेवलें. तात्पर्य, एकच यंत्र एके ठिकाणीं उधळपट्टी ठरलें व दुसऱ्या ठिकाणीं शहाणपण ठरलें. फरक यंत्रांत नव्हता, वैरणीच्या किंमतींत होता.

बोल्टन आणि वॉट यांनीं आपलीं यंत्रें खपविण्याकरितां जी रीत काढली तीहि येथें सांगितली पाहिजे, कारण तिचें काम आम्हांस पुढें पडणार आहे. यंत्राचे सुटे भाग व उभारणी यांचा खर्च खाणवाल्यानें करावा. पण त्या युक्तीचें मोल म्हणून जुन्या यंत्राच्या तुलनेनें जो कोळसा वांचेल त्याच्या किंमतीचा एक-तृतीयांश भाग त्यानें वर्षानुवर्षें कंपनीस द्यावा, असा करार असे. पुढें ह्या हप्त्यांवरून खटलेहि झाले. परंतु वांचलेल्या पैशांतूनच नव्याची किंमत फेडावयाची, ही कल्पना तेथें प्रथम रीतसर व्यवहारांत आली.

आतां ह्याच कथेची दुसरी बाजू. यंत्रें कमी कोळसा खाऊं लागलीं, तेव्हां इंग्लंडांतील कोळशाचा खप कमी झाला काय? विल्यम स्टॅनली जेव्हन्स ह्या अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं कोळशाच्या प्रश्नावर जो ग्रंथ लिहिला त्यांत ह्याचें उत्तर स्पष्ट नकारार्थी दिलें आहे. त्यानें स्कॉटलंडच्या लोखंडाच्या भट्ट्यांचें उदाहरण घेतलें: १८३० ते १८६३ या काळांत एक टन लोखंडास लागणारा कोळसा पूर्वींच्या एक-तृतीयांशाहून कमी झाला, पण लोखंड स्वस्त होऊन त्याचा खप इतका वाढला कीं, एकूण कोळसा दसपट जळूं लागला. यंत्र जितकें मितव्ययी, तितका त्याचा वापर फैलावतो, हा जेव्हन्सचा सिद्धान्त होय. घरगुती उपकरणांस तो पूर्णपणें लागू पडतो असें नाहीं, कारण एका कुटुंबास दहा फ्रिज लागत नाहींत. परंतु त्यांतील इशारा विसरण्यासारखा नाहीं.

जुन्याचा कैवार घेणारे लोक येथें एक संशय काढतात. ते म्हणतात, नवें घ्या असें सांगणारा बहुधा नवें विकणाराच असतो. हा संशय निराधार नाहीं. १९२४ च्या अखेरीस जिनिव्हा येथें विजेच्या दिव्यांच्या मोठमोठ्या कारखानदारांनीं फीबस नांवाचा संघ स्थापन केला, आणि पूर्वीं १५०० ते २००० तास टिकणारा दिवा १००० तासांवर आणून ठेवला. ज्या कारखान्याचा दिवा ठरल्याहून जास्त टिके त्याला संघ दंड करी. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर हा संघ मोडला. १९३२ सालीं तर बर्नार्ड लंडन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें, मंदी घालविण्याकरितां सरकारनेंच प्रत्येक वस्तूचें आयुष्य ठरवून द्यावें, अशी सूचना पत्रकरूपानें प्रसिद्ध केली होती.

तथापि न्यायबुद्धीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, दिव्याच्या बाबतींत दीर्घायुष्य आणि काटकसर यांचा मेळ बसत नसे. तार कमी तापविली तर दिवा पुष्कळ टिके, पण तेवढ्याच विजेंत उजेड फार थोडा देई. कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर गांवच्या अग्निशामक ठाण्यांत १९०१ पासून एक दिवा जळत आहे व त्याचें मोठें कौतुक होतें. पण तो आतां सुमारें चार वॉटचा मिणमिणता उजेड देतो व त्याच्याखालीं बसून कोणास वर्तमानपत्र वाचतां येणार नाहीं. फीबस संघाचा लोभ खरा, आणि तारेचा हा गुणधर्महि खरा. टिकाऊपणा हा एक गुण आहे, परंतु तो एकमेव गुण नव्हे, एवढें ह्यावरून निघतें.

आतां आमच्या मूळ विषयाकडे, म्हणजे फ्रिजकडे, वळूं. १९२० नंतर घरगुती फ्रिज प्रथम प्रचारांत आले तेव्हां त्यांत गंधकाचा वायु अथवा मेथिल क्लोराइड असे, आणि हे वायु गळून माणसें मरत. बर्लिनमध्यें एक कुटुंब असें मेल्याचें वाचून खुद्द आइन्स्टाइन यानें लिओ झिलार्ड याच्या साहाय्यानें १९२६ पासून गळती न होणाऱ्या फ्रिजची रचना करण्याची खटपट केली होती. तिची गरज लौकरच संपली. कारण १९२८ मध्यें टॉमस मिजले यानें फ्रेऑन जातीचा वायु शोधून काढला. तो जळत नसे, विषारी नसे, आणि म्हणून तो सर्वत्र गेला. त्याचा दोष कळण्यास जवळजवळ अर्धें शतक लागलें. १९७४ सालीं मोलिना आणि रोलंड यांनीं दाखविलें कीं, हा वायु वर जाऊन सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थराचा नाश करतो. १९८७ चा माँट्रिअल येथील करार हें त्याचें फळ होय. आमच्या फ्रिजच्या पिढीच्या नळ्यांत, तसेंच भिंतींतील फेसाळ आवरणांतहि, ह्याच जातीचे वायु भरलेले असत. म्हणजे असा जुना फ्रिज आपल्या पोटांत एक बंदिस्त संकट बाळगून असतो; तो फोडला कीं तें बाहेर पडतें.

विजेच्या दृष्टीनें फ्रिजचा इतिहास मोठा शिकण्यासारखा आहे. १९७२ च्या सुमारास अमेरिकेंत विकला जाणारा सरासरी फ्रिज वर्षाकाठीं सतराशें ते अठराशें युनिटें वीज खात असे. वीज स्वस्त होती, त्यामुळें भिंती पातळ करून आंतील जागा वाढविण्याकडे कारखानदारांचें लक्ष असे. १९७३ चा तेलाचा धक्का बसल्यावर कॅलिफोर्नियानें १९७४ मध्यें कायदा केला आणि फ्रिजनें किती वीज खावी याची मर्यादा घालून दिली. या चळवळीमागें आर्थर रोझेनफेल्ड हा पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ होता. पुढें १९८७ मध्यें सर्व अमेरिकेकरितां कायदा झाला, आणि १९९०, १९९३ व २००१ या सालीं मर्यादा पायरीपायरीनें कडक होत गेल्या. २००१ नंतरचा नवा फ्रिज आकारानें मोठा असूनहि सुमारें ५०० युनिटांवर आला. कारखाने बुडाले नाहींत, किंमतीहि भडकल्या नाहींत.

अशा झपाट्यानें सुधारणा होत असतां जुनें यंत्र जपून ठेवणें खरोखर नुकसानीचें असतें. मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं २००६ सालीं ह्याचा रीतसर हिशेब केला. त्यांत नवा फ्रिज घडविण्यास लागणारी शक्तिहि धरली होती. नुसती शक्ति वांचविणें हा हेतु धरला तर १९८५ ते २०२० या काळांत फ्रिज दर दोन ते सात वर्षांनीं बदलावा, आणि गृहस्थाच्या पैशाचा हिशेब धरला तर तो अठरा वर्षें ठेवावा, असें त्यांचें उत्तर आलें. हीं दोन उत्तरें परस्परांपासून किती दूर आहेत पाहा! राष्ट्राची वा पृथ्वीची काटकसर आणि घरधन्याची काटकसर यांची वाट एकच असेल, हें आपण उगाच गृहीत धरतों. शिवाय सुधारणेचा वेग मंदावला म्हणजे हें सर्व गणित बदलतें. पन्नास टक्के बचत करणाऱ्या नव्यासाठीं जुनें काढणें जितकें योग्य, तितकें पांच टक्क्यांसाठीं काढणें अयोग्य.

शिवाय हिशेब आणि व्यवहार यांत अंतर पडतें तें निराळेंच. अमेरिकेंतच असें दिसून आलें कीं, नवा फ्रिज स्वयंपाकघरांत आला कीं जुना तळघरांत जाई आणि तेथें थंड पेयांच्या चार बाटल्या सांभाळीत रात्रंदिवस चालू राही. हें टाळण्याकरितां मेक्सिको देशानें २००९ मध्यें जुनें देऊन नवें घेण्याची एक मोठी सरकारी योजना काढली. दहा वर्षांहून जुना फ्रिज किंवा वातानुकूलन-यंत्र आणून दिल्यास नव्यासाठीं सरकार मदत देई, आणि जुनें सक्तीनें मोडलें जाई. २०१२ पर्यंत सुमारें १५ लक्ष कुटुंबांनीं तिचा लाभ घेतला. डेव्हिस, फुक्स आणि गर्टलर या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं पुढें त्या घरांचीं विजेचीं बिलेंच तपासलीं व २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. फ्रिज बदलणाऱ्या घरांत विजेचा खप ८ टक्के कमी झाला. आगाऊ अंदाजाच्या मानानें ही बचत केवळ एक-चतुर्थांश होती. वातानुकूलन-यंत्र बदलणाऱ्या घरांत तर खप वाढला! लोकांनीं मोठे, अधिक सोयींचे फ्रिज घेतले, आणि गारवा स्वस्त झाल्यामुळें तो अधिक वेळ घेतला. जेव्हन्स यानें भट्ट्यांत जें पाहिलें तें दीडशें वर्षांनंतर घरांच्या बिलांत पुनः दिसलें.

आपल्या देशांत ऊर्जासंवर्धनाचा कायदा २००१ मध्यें झाला, आणि २००६ पासून उपकरणांवर तारे दाखविणाऱ्या चिठ्ठ्या आल्या. दंव न धरणाऱ्या फ्रिजांस त्या २०१० पासून सक्तीच्या झाल्या. ह्या ताऱ्यांचें मोजमाप मधूनमधून कडक केलें जातें. म्हणून दहा वर्षांपूर्वींचे पांच तारे आजच्या पांच ताऱ्यांच्या तोलाचे नसतात, हें ग्राहकानें ध्यानांत ठेवावें. परंतु आपल्याकडील सर्वांत मोठें यश मिळालें तें दिव्यांच्या बाबतींत. २०१५ च्या जानेवारींत सुरू झालेल्या उजाला योजनेंत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वांटले गेले. एकगठ्ठा खरेदीमुळें एका दिव्याची खरेदीची किंमत ३१० रुपयांवरून ४० रुपयांच्या खालीं आली; आणि कित्येक ठिकाणीं ग्राहकानें ती रक्कम एकदम न देतां दरमहा दहा रुपयांच्या हप्त्यानें विजेच्या बिलांतून फेडली. वॉटनें कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांशीं केलेला करारच येथें सामान्य घरापर्यंत येऊन पोंचला असें आम्हांस वाटतें.

हे दाखले घेऊन आम्ही आमच्या फ्रिजकडे वळलों. प्लगला लावावयाचें एक लहानसें मीटर आणून आठवडाभर मोजलें, तों १३ युनिटें भरलीं. मग एका कारागिरास बोलाविलें. त्यानें दाराच्या फटींत कागद धरून ओढून दाखविला. तो अलगद बाहेर आला. दाराचें रबर सुकून गेलें होतें. नऊशें रुपयांत नवें रबर बसविल्यावर पुढच्या आठवड्यांत १० युनिटें झालीं. ठेवावें कीं टाकावें ह्या वादांत दुरुस्ती हा तिसरा मार्ग दोन्ही पक्षांनीं पाहिलाच नव्हता, आणि पैशाच्या हिशेबानें तोच सर्वांत स्वस्त निघाला. तरीसुद्धां त्याच आकाराच्या नव्या फ्रिजच्या चिठ्ठीवर जो आंकडा होता तो आठवड्यास साडेतीन युनिटांच्या आंत होता. चिठ्ठीवरील आंकडा प्रयोगशाळेंतला, हें धरून थोडी सूट दिली तरी वर्षाकाठीं तीनशें युनिटें वांचणार होतीं, आणि आपली वीज अजूनहि बव्हंशीं कोळशाचीच आहे. आम्हीं नवा घेण्याचें ठरविलें, पण मेक्सिकोचा धडा घेऊन आकार एका लिटरानेंहि वाढूं दिला नाहीं.

खरी अडचण त्यानंतर आली. आमच्या घरीं पोळ्या करणाऱ्या बाईंच्या घरीं फ्रिज नव्हता. त्यांनीं जुना मागितला. चालती वस्तु गरजूस द्यावी, हा तर आमच्या संस्काराचा मुख्य भाग. आम्ही होकार देण्याच्या बेतांतच होतों. परंतु न्यूकॉमेनचें यंत्र डोळ्यांपुढें आलें. तें जेथें कोळसा फुकट होता तेथें राहिलें. आम्ही मात्र तें जेथें कोळसा सर्वांत महाग तेथें पाठवीत होतों! महिना चाळीसांहून अधिक युनिटांची भर पडली असती तर त्यांचें बिल शंभर युनिटांच्या पुढें जाऊन चढत्या दरांत सांपडलें असतें. वैरणीसह जनावर दान करणें हें पुण्य. वैरणीवांचून जनावर दुसऱ्याच्या दारीं बांधणें ह्यास दान कसें म्हणावें? हें सर्व आम्हीं त्यांस समजावून सांगितलें. त्या शांतपणें म्हणाल्या, “सर, बिल महिन्याच्या महिन्याला येतं. ते मी कसंही भागवीन. नव्या फ्रिजचे पैसे एकदम लागतात, ते कुठून आणूं?”

एवढ्या एका वाक्यांत त्यांनीं जें सांगितलें, तेंच १९७९ सालीं जेरी हॉसमन ह्या अर्थशास्त्रज्ञानें वातानुकूलन-यंत्रांच्या खरेदीचा अभ्यास करून आंकड्यांनीं मांडलें होतें: उत्पन्न जितकें कमी, तितकी पुढच्या बचतीपेक्षां आजच्या किंमतीकडे माणसाची दृष्टि अधिक. हें अज्ञान नव्हे. हातांत रोकड नसल्याचा तो परिणाम आहे. गरीबास काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांनीं हें नीट ध्यानांत ठेवावें. जुनें यंत्र स्वस्त म्हणून त्यांच्याकडे जातें, आणि त्याची महाग वैरण आयुष्यभर तेच भरतात.

शेवटीं वॉटचा करार आम्हांस उपयोगीं पडला. त्यांच्यासाठीं एक लहान नवा फ्रिज आम्हीं घेतला, आणि जुन्यानें जी जास्तीची वीज खाल्ली असती तिच्या अंदाजानें दरमहा दोनशें रुपये त्यांनीं परत द्यावे असें ठरलें. ही रक्कम त्यांनींच सांगितली. फुकट घेण्यास त्या तयार नव्हत्या.

जुन्या फ्रिजची रवानगी तेवढी राहिली. दारावरच्या भंगारवाल्यानें बाराशें रुपये देऊं केले. पण तो तांब्याची नळी जागच्या जागीं कापून वायु मोकळा सोडणार, हें उघड होतें. त्याचाहि दोष नाहीं. त्याचें पोट त्या तांब्यावर आहे, आणि वायु पकडण्याचें साधन त्याला कोणीं दिलेलें नाहीं. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०१२ च्या मे महिन्यापासून अमलांत आले, २०२३ च्या एप्रिलपासून ते नव्या स्वरूपांत लागू झाले, व त्यांत फ्रिजचा समावेश आहे. म्हणून चार ठिकाणीं चौकशी करून एका नोंदणीकृत केंद्राकडे तो पाठविला. पैसे निम्म्याहून कमी मिळाले. तांबटाकडे मोड देणाऱ्या आमच्या आजीस हा व्यवहार मुळींच पटला नसता. परंतु तिच्या मोडींत वायु कोंडलेला नसे.

ह्या सर्व इतिहासावरून एकच नियम काढून देतां येत नाहीं. चार प्रश्न मात्र देतां येतात. हें यंत्र रोज काय खातें, आणि ती वैरण कोण भरतो? नवें खरोखर किती कमी खातें? नवें आल्यावर आपली भूक वाढणार नाहीं ना? आणि जुनें शेवटीं कोणाच्या हातीं पडणार? इस्त्री, पंखा, शिलाईचें यंत्र, पाट्यावरवंट्याच्या जागीं आलेला मिक्सर, ह्यांस हे प्रश्न विचारले तर बहुतेकांचें उत्तर दुरुस्त करून ठेवावें असेंच येईल, कारण तीं दिवसांतून थोडाच वेळ चालतात, आणि पंख्यासारखें पुष्कळ चालणारें असलें तरी आधीं हिशेब करावा. रात्रंदिवस चालणाऱ्या जुन्या फ्रिजचें उत्तर निराळें येईल.

गेल्या महिन्यांत पोळ्या करणाऱ्या बाईंनीं पहिला हप्ता आणून दिला. त्याबरोबर त्यांनीं आपलें विजेचें बिलहि दाखविण्यास आणलें होतें. तें शंभर युनिटांच्या आंत होतें.